पंगत की बुफे?

प्रश्न : गेली चार-पाच वर्षं घरीच पाव करते. कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि यीस्टचे दाणे घालून झाकून ठेवलं की दहा मिनिटांत फेस येतो. मुलगा आठवीत आहे. तो म्हणाला, "यीस्टला तोंड नाही, पोट नाही, मग ते साखर खातं कसं?" मला उत्तर देता आलं नाही.
— एक वाचक, डोंबिवली

प्रश्न : मी अकरावीला जीवशास्त्र शिकवते. पुस्तकातल्या चित्रात गॉल्गी संकुल म्हणजे एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्या. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, यीस्टमध्येपण असंच असतं का?" मी हो म्हणून मोकळी झाले. रात्री शोधलं तर यीस्टमध्ये त्या पिशव्या रचलेल्या नसतात, पेशीभर विखुरलेल्या असतात असं वाचलं. मग त्या तयार कशा होतात? आणि त्यांच्यातून निघणाऱ्या पिटिकांना कुठं जायचं हे कोण सांगतं?
— एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : ही दोन्ही पत्रं एकाच आठवड्यात आली. वेगवेगळी उत्तरं लिहायला बसलो आणि लक्षात आलं की डोंबिवलीच्या मुलाचा प्रश्न जिथं संपतो तिथूनच बार्शीच्या मुलीचा सुरू होतो. म्हणून एकत्रच घेतो.

आधी फेस. आपण चहात घालतो ती साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडगोळी. सुटं ग्लुकोज आत घ्यायला यीस्टच्या पेशीला भरपूर दारं आहेत, पण जोडीनं आलेल्या साखरेला फारशी वाट नाही. म्हणून यीस्ट घास घराबाहेरच फोडतं. इन्व्हर्टेज नावाचं एक विकर ते बाहेर पाठवतं. पेशीचं पातळ पटल आणि त्याबाहेरची जाड भिंत यांच्यामधल्या फटीत ते बसून असतं. साखर आली की तिचे दोन तुकडे करतं आणि तुकडे आत ओढले जातात. सगळे मात्र नाहीत. 2009 साली काही संशोधकांनी हिशोब केला, तेव्हा असं दिसलं की फोडलेल्या साखरेतला शंभरातला जेमतेम एक वाटा त्या पेशीच्या पदरात पडतो. बाकीचा पाण्यात पसरतो आणि शेजारीपाजारी खातात. तेव्हा मुलाला सांगा, तोंड नाही हे खरं, पण यीस्टचे दात घराबाहेर असतात.

हे विकर तसं मोठं नावाजलेलं. 1913 साली बर्लिनमध्ये लिओनोर मिखाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी विकरांच्या वेगाचं जे समीकरण मांडलं, ते याच इन्व्हर्टेजवर प्रयोग करून. बी.एस्सी.ला ते समीकरण पाठ केलेले वाचक आता कपाळाला हात लावतील.

खरी गंमत पुढं आहे. इन्व्हर्टेज हे प्रथिन. प्रथिनं तयार होतात पेशीच्या आत. पेशीचं पटल म्हणजे तेलकट, सलग पापुद्रा. एवढं मोठं प्रथिन त्यातून आरपार जाऊ शकत नाही, आणि त्याच्यासाठी भोक पाडावं तर पेशी मरेल. मग ते बाहेर पडतं कसं? डोंबिवलीचा प्रश्न इथं बार्शीला पोचतो.

प्रथिन तयार होत असतानाच त्याचा धागा आंतर्द्रव्यजालिकेत ओवला जातो. (यापुढे नुसतं जालिका म्हणतो, दर वेळी एवढा शब्द लिहायचा म्हणजे शिक्षा आहे.) तिथं त्याची घडी बसते आणि त्याला साखरेच्या छोट्या फांद्या लागतात. मग जालिकेच्या पापुद्र्याला फुगवटा येतो, तो चिमटीत धरल्यासारखा सुटतो आणि प्रथिनाला पोटात घेऊन एक गोल पिटिका निघते. ती गॉल्गीच्या कुंडात, म्हणजे बाईंनी सांगितलेल्या चपट्या पिशवीत, मिसळते. तिथं साखरेच्या फांद्यांना मॅनोजचे मणी जोडले जातात. इन्व्हर्टेजच्या एकेका फांदीला असे कित्येक डझन मणी लागतात. शेवटच्या कुंडातून पुन्हा पिटिका निघते, पेशीच्या पटलाला चिकटते, तिचा पापुद्रा पटलात विरघळून जातो आणि पोटातलं प्रथिन बाहेर सांडतं. यात कुठंही भोक पडलं नाही. साबणाचे दोन फुगे एकमेकांत मिसळतात तेव्हा जसं होतं, साधारण तसंच.

आकारांचा अंदाज यावा म्हणून सांगतो. यीस्टची पेशी साधारण 5 मायक्रोमीटरची. ती पाच मीटर लांब-रुंद खोलीएवढी मोठी करून पाहिली, तर जालिकेतून निघणारी पिटिका होईल चिकूएवढी आणि गॉल्गीचं एखादं कुंड परातीएवढं. खोलीभर अशा पराती तरंगताहेत आणि मधून चिकू येताहेत-जाताहेत, असं चित्र डोळ्यांपुढं आणा.

हा मार्ग प्रथम दाखवला जॉर्ज पलाडे यांनी, गिनीपिगच्या स्वादुपिंडात. त्यासाठी त्यांना 1974 चं नोबेल मिळालं. पण त्यांनी दाखवला तो रस्ता. रस्त्यावर काम करणारी माणसं कोण, हे कळायला यीस्ट लागलं.

ती गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात रँडी शेकमन नावाचे तरुण प्राध्यापक आणि पीटर नोविक हा त्यांचा विद्यार्थी यीस्टच्या मागे लागले. युक्ती अशी. यीस्टमध्ये रसायन घालून जनुकांत जागोजागी बिघाड करायचे, आणि त्यातून अशी पेशी शोधायची जी 25 अंशांना व्यवस्थित जगते पण 37 अंशांना बाहेर माल पाठवणं थांबवते. बिघाड कायमचा असता तर पेशी मेलीच असती आणि अभ्यासाला हाती काही लागलं नसतं. तापमानाचं बटण असलेला बिघाड म्हणजे मात्र सोय. हवं तेव्हा चालू, हवं तेव्हा बंद.

पहिली अशी पेशी सापडली, तिच्या जनुकाचं नाव ठेवलं सेक-1. 37 अंशांना ठेवलेल्या या पेशीचा पातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. निरोगी यीस्टच्या कापात पिटिका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या दिसतात. इथं पेशी ठासून भरली होती. एकसारख्या आकाराच्या गोल पिटिका, भिंतीपासून भिंतीपर्यंत, साबुदाण्यासारख्या. माल तयार, गाड्या भरलेल्या, आणि दरवाजा बंद. 1979 साली हे प्रसिद्ध झालं.

पण एका बिघाडावरून मार्ग कळत नाही. अनेक हवेत, आणि लाखो पेशींतून ते निवडायचे कसे? इथं या मंडळींचं डोकं चाललं ते मला सगळ्यात आवडतं. पिटिका जेव्हा पटलात मिसळते तेव्हा तिचा स्वतःचा पापुद्रा पटलात जमा होतो. म्हणजे पेशीची कातडी वाढते ती याच मार्गानं. वाट बंद झाली की कातडी वाढायची थांबते, पण आतली प्रथिनं तयार होतच राहतात. तेवढ्याच सदऱ्यात माणूस जाड होत जातो. अशी पेशी इतरांपेक्षा दाट होते. मग सगळ्या पेशी सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांच्या दाट द्रावणात घालून गरगर फिरवल्या की दाट तेवढ्या तळाशी जातात. धान्य पाखडण्याचाच प्रकार, फक्त इथं तळाशी बसतं ते कामाचं. या पाखडणीतून 188 बिघडलेले वाण मिळाले. ते 23 जनुकांच्या गटांत बसले, आणि 1980 मध्ये नोविक, फील्ड आणि शेकमन यांनी ती यादी छापली.

प्रत्येक वाण वेगळ्या ठिकाणी तुंबला होता. सेक-18 मध्ये माल जालिकेतच अडकला. सेक-7 मध्ये गॉल्गीची कुंडं फुगून विचित्र झाली. त्यांना 'बर्कली बॉडीज' असं गावाचं नावही पडलं होतं. सेक-1 मध्ये शेवटच्या दारावर गर्दी. मग एकाच पेशीत दोन-दोन बिघाड एकत्र केले. दोन्ही असताना माल जिथं तुंबेल तो टप्पा आधीचा. तुंबलेली मोरी साफ करणारा माणूस जसा पाणी कुठवर येतं ते बघत जातो, तसा एकेक टप्पा मागं-पुढं लावून सगळा क्रम नक्की झाला.

याच सुमारास जेम्स रॉथमन दुसऱ्या टोकानं, सस्तन प्राण्यांच्या पेशी फोडून त्यांचा रस परीक्षानळीत चालवून, तेच कोडं सोडवत होते. त्यांना पिटिका मिसळायला लागणारं एक प्रथिन मिळालं. 1989 मध्ये कळलं की ते म्हणजे यीस्टच्या सेक-18 चंच भावंड. यीस्ट आणि सस्तन प्राणी यांच्या वाटा केव्हाच्या वेगळ्या झाल्या, तरी हमाल तेच राहिले. शेकमन, रॉथमन आणि टॉमस झ्यूडहोफ यांना 2013 चं नोबेल मिळालं ते यासाठी.

आता बाईंच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. कुंड तयार कसं होतं?

कामिल्लो गॉल्गी यांनी 1898 मध्ये पाव्हिया इथं घुबडाच्या मेंदूतल्या पेशींत हे जाळं प्रथम पाहिलं. ते खरं आहे की रंगाचा डाग, यावरच पुढं पन्नासेक वर्षं भांडणं झाली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर ते मिटलं आणि लगेच दुसरं सुरू झालं. कुंडं कायमची आहेत की येणारी-जाणारी?

हा वाद समजायला लग्नाचं जेवण डोळ्यांपुढं आणा. एका पक्षाचं म्हणणं, गॉल्गी म्हणजे बुफे. टेबलं जागची हलत नाहीत. कोशिंबिरीचं टेबल पहिलं, भाताचं शेवटचं. प्रथिन आपली ताटली घेऊन, म्हणजे पिटिकेत बसून, एका टेबलावरून दुसऱ्यावर जातं. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, ही पंगत आहे. पान मांडलं की ते तिथंच. हलतात ते वाढपी. आधी मीठ-लिंबू-चटणीवाला येतो, मग कोशिंबीर, मग भाजी, मग वरणभात. मिठाचा माणूस एका पानावर थांबून राहत नाही. त्याचं काम झालं की तो मागं फिरतो आणि नुकत्याच मांडल्या जाणाऱ्या पुढच्या पंगतीकडे जातो. सगळं वाढून झालं, जेवण आटोपलं की पान उचललं जातं.

पंगतवाल्यांच्या हिशोबानं गॉल्गीचं कुंड हे असं पान आहे. जालिकेतून निघालेल्या पिटिका आणि त्यांचे तुकडे एकमेकांत मिसळून नवं कुंड तयार होतं. वाढपी म्हणजे साखर जोडणारी विकरं. सुरुवातीची विकरं आपलं काम करून दुसऱ्या जातीच्या पिटिकांत बसून मागच्या, तरुण कुंडात परत जातात, आणि त्यांच्या जागी पुढची येतात. प्रथिन मात्र जागचं हलत नाही. त्याच्याभोवतीचं कुंडच वयात येतं आणि शेवटी फुटून त्याच्या पिटिका होतात. म्हणजे गॉल्गी ही वास्तू नव्हे, तो चालू असलेला कार्यक्रम आहे. जालिकेकडून पुरवठा थांबला तर काही वेळानं गॉल्गीही उरत नाही.

पंगतीच्या बाजूनं एक भक्कम मुद्दा आधीपासून होता. आपल्या त्वचेतल्या पेशी कोलॅजनची जुळणी जालिकेतच करतात, आणि तो दांडा असतो 300 नॅनोमीटर लांब. साठ-सत्तर नॅनोमीटरच्या नेहमीच्या पिटिकेत तो मावणार कसा? 1998 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की कोलॅजन कुंडातून बाहेर न पडताच गॉल्गी पार करतं. तरीही बुफेवाले मागं हटले नाहीत. लांब मालासाठी वेगळी सोय असेल, म्हणाले. हेही अगदीच चुकीचं नव्हतं.

खरी अडचण वेगळीच होती. कुंडाला वयात येताना कुणी पाहिलं नव्हतं. माणसाच्या पेशीत कुंडं एकमेकांना इतकी खेटून रचलेली असतात की साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला ती वेगळी दिसतच नाहीत. दोनशे नॅनोमीटरच्या आतल्या दोन वस्तू त्याला एकच वाटतात. चपात्यांच्या चवडीकडे लांबून पाहून मधली चपाती बदलली का हे सांगायचं, तसं ते.

आणि इथं यीस्टचा पसारा कामाला आला. बेकरीच्या यीस्टमध्ये चवड नाहीच. प्रत्येक कुंड वेगळं, मोकळं, पेशीत इतस्ततः. आधी लोक याला यीस्टचं उणं समजत. त्यामुळेच प्रत्येक कुंड वेगळा ठिपका म्हणून दिसलं आणि त्याच्यावर पाळत ठेवता आली. शिकागोच्या बेंजामिन ग्लिक यांच्या आणि जपानच्या रिकेन संस्थेतल्या अकिहिको नाकानो यांच्या गटांनी स्वतंत्रपणे एकाच धर्तीचा प्रयोग केला. तरुण कुंडातल्या प्रथिनाला हिरवा चकाकणारा धागा जोडला, प्रौढ कुंडातल्या प्रथिनाला लाल. बुफे खरा असेल तर हिरवे ठिपके हिरवे राहतील, लाल ते लाल. पंगत खरी असेल तर हिरवा ठिपका पुढं लाल व्हायला हवा.

झाला. जिवंत पेशीत एखादा हिरवा ठिपका उगवतो, थोडा वेळ हिरवा राहतो, हिरवा ओसरत असताना लाल चढू लागतो, मधे क्षणभर दोन्हींची सरमिसळ, मग निखळ लाल, आणि मग तोही विझतो. सगळा खेळ काही मिनिटांचा. ग्लिक यांच्या गटानं शिवाय हेही मोजलं की कुंडाला रंग बदलायला लागणारा वेळ आणि प्रथिनाला मार्ग पार करायला लागणारा वेळ एकमेकांशी जुळतात. दोन्ही लेख 2006 मध्ये 'नेचर'मध्ये पाठोपाठ छापले गेले. माझ्या मते यीस्टपुरता वाद तिथं मिटला. माणसाच्या पेशीबद्दल मात्र सगळे अजून एका पंगतीला बसलेले नाहीत.

मग बेकरीच्या यीस्टलाच चवड का नाही? पिकिया नावाचं दुसरं यीस्ट आहे, त्याच्यात व्यवस्थित चवडी असतात, अगदी पुस्तकातल्यासारख्या. फरक असा की पिकियाच्या जालिकेत पिटिका सुटण्याच्या जागा मोजक्या आणि ठरलेल्या, दोन ते पाच. प्रत्येक जागेसमोर कुंडं एकापाठोपाठ जन्मतात आणि रांग लागते. बेकरीच्या यीस्टमध्ये पिटिका जालिकेवर जागोजागी सुटतात, त्यामुळे कुंडंही जागोजागी. ग्लिक यांच्याच गटानं 1999 मध्ये हे जुळवून दाखवलं. एका नळाखाली घागरींची रांग लागते, पावसात मात्र अंगणभर भांडी ठेवावी लागतात, त्यातलाच प्रकार.

या कामाचा एक धागा आपल्याकडेही येतो. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही कर्करोग संशोधन संस्था आहे. तिथल्या एका गटानं ग्लिक यांच्या सहकार्यानं 2014 मध्ये दाखवलं की आर्फ नावाचं प्रथिन कमी केलं तर यीस्टची कुंडं फुगून मोठी होतात, आणि त्याचं कारण वयात येण्याची चाल बिघडते हे. पाव फुगवणाऱ्या जिवावर कर्करोगाच्या संस्थेत काम का, असं कुणी विचारलं तर वर सांगितलेलं आठवा. हमाल तेच आहेत.

आता पिटिका कशी सुटते आणि तिला पत्ता कोण सांगतं.

सपाट पापुद्रा आपणहून गोल होत नाही, त्याला वाकवावं लागतं. जालिकेवर सार-1 नावाचं छोटं प्रथिन असतं. सेक-12 त्याला चालू करतं. चालू झालं की त्याची एक शेपटी पाचरीसारखी पापुद्र्यात घुसते. मग सेक-23 आणि सेक-24 ची जोडी येते. यातलं सेक-24 माल निवडतं, कोण गाडीत बसणार ते ठरवतं. वरून सेक-13 आणि सेक-31 यांची जाळी चढते. ही जाळी रिकामी तयार करून पाहिली, तेव्हा ती वेतानं विणलेल्या चेंडूसारखी निघाली, 24 काड्यांची. जाळी जसजशी विणली जाते तसतसा खालचा पापुद्रा वाकतो आणि अखेर सुटतो. विशेष म्हणजे जाळी विणायला मदत करणारं सेक-23 च सार-1 ला बंद करण्याची घाईही करत असतं. म्हणजे वेष्टण बांधतानाच ते सुटायची वेळ लावलेली. वेष्टण तसंच राहिलं असतं तर पिटिका कुठंच मिसळू शकली नसती. पार्सलं उघडताना चिकटपट्टीशी झटणाऱ्यांना याचं मोल कळेल.

पत्त्याबद्दल लिहिताना डबेवाल्यांची उपमा हमखास देतात. मला ती अर्धीच पटते. डब्यावरची खूण वाचणारा माणूस असतो. इथं कुणी काही वाचत नाही, फक्त जुळतं किंवा जुळत नाही. तेही एकदा नाही, तीन-चारदा. शेवटच्या टप्प्याचंच घ्या. गॉल्गीतून निघालेल्या पिटिकेवर सेक-4 हे प्रथिन असतं. मायो-2 नावाची चालती मोटार पिटिका पाठीवर घेते आणि ॲक्टिनच्या दोरांवरून थेट फुटत्या कळीकडे, म्हणजे जन्माला येणाऱ्या लेकीकडे, निघते. वेग सेकंदाला सुमारे 3 मायक्रोमीटर, म्हणजे दोनेक सेकंदांत पेशीचं हे टोक ते ते टोक. कळीच्या टोकाशी आठ प्रथिनांचा एक संच असतो, तो पिटिकेला आधी दुरून धरून ठेवतो, नावेला धक्क्यावरून दोर टाकावा तसा. त्यानंतर स्नेअर नावाच्या प्रथिनांचे धागे. पिटिकेवर एक धागा, पटलावर तीन. चारही जुळले तर त्यांचा पीळ बसायला लागतो, आणि पीळ आवळत गेला की दोन्ही पापुद्रे एकमेकांवर दाबले जाऊन एक होतात. न जुळणारे धागे असतील तर पीळ बसत नाही आणि पिटिका भलतीकडे मिसळत नाही. काम झाल्यावर हा घट्ट पीळ उकलावा लागतो, नाहीतर धागे पुन्हा वापरता येणार नाहीत. ते उकलण्याचं काम सेक-18 चं. तेच, ज्याच्याशिवाय सगळा माल जालिकेत तुंबला होता.

तेव्हा बाई, तुमच्या विद्यार्थिनीला सांगा की प्रश्न पुस्तकाच्या पुढचा होता. परीक्षेत मात्र चवडच काढायला सांगा, मार्क तिलाच आहेत.

प्रश्न : मला मधुमेह आहे. इन्सुलिन यीस्टकडून करून घेतात असं ऐकलं. यीस्टला तर रक्तच नाही, मग त्याला इन्सुलिन कसं येतं? आणि ते शाकाहारी म्हणायचं का?
— एक निवृत्त वाचक, कोल्हापूर

उत्तर : काका, यीस्टला ते येत नाही, शिकवावं लागतं. माणसाच्या इन्सुलिनचं जनुक, थोडं सोयीनं बदलून, यीस्टमध्ये घालतात. डेन्मार्कच्या नोवो कंपनीनं 1987 पासून बेकरीच्या यीस्टकडून असं इन्सुलिन करून घ्यायला सुरुवात केली. बंगळुरूच्या बायोकॉननं 2004 मध्ये आणलेलं इन्सुलिन पिकियाचं, म्हणजे वर सांगितलेल्या चवडवाल्या यीस्टचं.

नुसतं करून भागत नाही, ते बाहेर यायला हवं. पेशीत अडकलं तर लाखो पेशी फोडून त्या चिखलातून वेचत बसावं लागतं. 1986 साली बाजारात आलेल्या कावीळ ब च्या लसीसाठी यीस्टच्या पेशी अशाच फोडाव्या लागत. इन्सुलिनसाठी एक जुगाड करतात. यीस्टमध्ये नर-मादी नसले तरी दोन गोत्रं असतात, आणि एक गोत्र दुसऱ्याला बोलावण्यासाठी आल्फा फॅक्टर नावाचं छोटं प्रथिन बाहेर सोडतं. त्या प्रथिनाच्या पुढचा तुकडा म्हणजे बाहेर जाण्याचा परवाना. तो इन्सुलिनच्या पुढं जोडतात. यीस्टला वाटतं आपलंच पत्र चाललंय. जालिका, कुंडं, सगळं पार होतं. शेवटच्या, प्रौढ कुंडात केक्स-2 नावाची कात्री असते, ती परवाना कापून टाकते आणि इन्सुलिनचा कच्चा माल पिटिकेतून बाहेरच्या द्रवात येतो. पुढं कारखान्यात त्याची शेवटची काटछाट आणि शुद्धीकरण होतं. शाकाहारी की नाही हे मी ठरवणार नाही, पण पूर्वी इन्सुलिन डुकरांच्या आणि गाईबैलांच्या स्वादुपिंडातून काढत, त्या मानानं हे तुमच्या पावाला जास्त जवळचं.

ही केक्स-2 कात्री 1984 च्या सुमारास शोधणाऱ्यांत डेव्हिड ज्युलियस हा बर्कलीतला विद्यार्थी होता. शेकमन त्याच्या दोन मार्गदर्शकांपैकी एक. पुढं त्यानं यीस्ट सोडलं आणि मिरची जिभेला का पोळते ते शोधलं. 2021 चं नोबेल त्याला त्याबद्दल मिळालं. मिरचीचं सविस्तर पुढच्या महिन्यात. त्यावर तीन पत्रं आधीच येऊन पडली आहेत, आणि तिन्ही तुमच्याच जिल्ह्यातून.